दात भरताना जावयानं सांगितलेली गोष्ट

आदरणीय विहीणबाई,

मुलीच्या आईचा रीतसर नमस्कार. तुमची प्रकृती कशी आहे, व्याह्यांचा गुडघा काय म्हणतो, गच्चीतल्या कुंड्या जगल्या का, हे सगळं आदरानं विचारून झालं. आता विहीणबाईंनी जरा खुर्ची सोडावी आणि तिथे माझ्या शाळेतल्या उशीला बसू द्यावं. (नीतिशिक्षणाच्या तासाला मी ज्या गुबगुबीत खांद्यावर डोकं ठेवून झोपायचे, ती तू. मुलांचं लग्न जुळवून आपण एकमेकींना 'अहो' म्हणायला लागलो, तिथेच काहीतरी बिनसलं.)

तुझं पत्र पोचलं. तुझ्या सुनेला, म्हणजे माझ्या लेकीला, नांदायचंच नाही, आणि रविवारी वडीलधाऱ्यांना बोलावून तू काय तो सोक्षमोक्ष लावणार आहेस, हे कळलं. लेक बॅग घेऊन माझ्याकडे आली आहे खरी, पण तोंडातून अक्षर काढत नाही, त्यामुळे मीही तुझ्याइतकीच अंधारात होते. मग माझी दाढ दुखायला लागली.

जावई दातांचा डॉक्टर असताना दुसरीकडे जाणं बरं दिसत नाही, म्हणून त्याच्याच दवाखान्यात गेले. त्यानं मला आडवं केलं, जबडा बधिर केला, दोन्ही गालांत कापूस कोंबला, लाळ ओढणारी नळी ओठाला अडकवली, मदतनीस बाईंना चहाला पाठवलं आणि बोलायला लागला. (सासू जिथे उलट बोलू शकत नाही अशी जगात ही एकच जागा असावी, आणि ती तुझ्या लेकानं शोधून काढली. मुलगा हुशार आहे, याबद्दल मला कधीच शंका नव्हती.) भांडण पैशाचं नाही, स्वयंपाकाचं नाही, तुझ्यावरूनही नाही, असं तो दिव्याकडे बघत म्हणाला. लग्नानंतर सगळं ठीक होतं, पण गेल्या काही महिन्यांत बायकोजवळ गेलं की सुरू होण्याआधीच संपतं. लाजेनं तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला आणि लेकीनं समजून घेतलं की आपण त्याला नकोशा झालो. मी 'आं' म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही समजून घेतलंत आई, फार बरं वाटलं." मी खरं तर नळी काढ म्हणत होते.

याला शीघ्रपतन म्हणतात. बघ, लिहिला शब्द, आणि कागद काही जळला नाही. आपल्या कॉन्व्हेंटात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सिस्टरनं पुस्तकातलं ते प्रकरण टाचण्या लावून बंद केलं होतं, आठवतं? बेडकाच्या पोटातलं सगळं आपण पाठ केलं आणि माणसाच्या वाटेला गेलोच नाही. मला वाटायचं, टाचण्या फक्त मुलींच्या पुस्तकांना असतात. पण तुझा लेक एवढं दंतवैद्यक शिकला आणि त्याचं शरीराचं ज्ञान हनुवटीपाशी थांबलं. तो गेला कुणाकडे, तर टायरच्या दुकानावर सिंहाचं चित्र लावून बसलेल्या 'गुप्त समस्या'वाल्याकडे. त्या गृहस्थानं नाडी धरली, ती धावतेय हे त्याला कळलंही, आणि निदान केलं की लहानपणीच्या वाईट सवयी. तपकिरी पूड दिली, आंबट बंद केलं आणि वर तुझ्या लेकाकडून स्वतःची अक्कलदाढ फुकटात काढून घेतली.

पण उशी, तो बोलत होता तेव्हा मी त्याचा हात बघत होते. त्याच्या हातातला आरसा माझ्या दातांवर टकटक वाजत होता. कपाळाला घाम, डोळे बटाट्याएवढे, आणि लग्नातला शर्ट अंगावर लोंबतोय. माझी थोरली बहीण थायरॉइडच्या वेळी अशीच झाली होती. कापूस निघाल्याबरोबर मी अर्ध्या तोंडानं म्हटलं, "हा हात डॉक्टरला दाखव, आणि मला जे सांगितलंस ते सगळं तिथेही सांग."

डॉक्टरीणबाई आपल्या मुलांच्याच वयाच्या. जावयानं मलाही आत ओढलं आणि मग नुसतंच 'तो त्रास, तो त्रास' करत बसला. शेवटी शब्द मीच सांगितला. (जबडा तोवर ताळ्यावर आला होता.) बाई हसल्या नाहीत. त्यांनी पहिलं हे विचारलं, की पहिल्यापासून असं आहे की नंतर सुरू झालं. पहिल्यापासून असेल तर बहुधा मेंदूतल्या रसायनांची ठेवणच तशी असते. नंतर उपटलं असेल तर कारण शोधायचं: थायरॉइड जादा काम करतंय का, प्रोस्टेट ग्रंथीला सूज आहे का, ताठरता टिकणार नाही या धास्तीनं घाई होतेय का, मनावर ताण आहे का, आणि पुष्कळदा यातली दोन-तीन हातात हात घालून येतात. वाईट सवयींचं नावही निघालं नाही. (सिस्टर आणि सिंहवाला, दोघेही नापास.) रक्त तपासलं तर थायरॉइड भलतंच उधळलेलं. गोळ्या सुरू झाल्या आहेत. ते जागेवर आलं की बहुतेकांचा हा त्रासही कमी होतो, पण काही महिने धीर धरावा लागेल, असं बाईंनी सांगितलं.

तिथून तो थेट माझ्या स्वयंपाकघरात आला आणि लेकीला सगळं सांगितलं. मी मुद्दाम झाडांना पाणी घालत बसले, झाडं बुडेपर्यंत. ती आधी सिंहवाल्यावरून त्याला खूप बोलली, मग रडली. आता परत तुझ्या घरी यायला बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

हे तुला मी कळवावं ही त्याचीच विनंती. म्हणाला, "आईला तुम्हीच लिहा, तिच्या तोंडात मला कापूस घालता येणार नाही."

तुझी, आधी बाकावरची आणि मग विहीण.

ता. क. रविवारची बैठक रद्द कर. वडीलधारे आलेच तर चहा पाजून परत पाठव. त्यांच्या पुस्तकांच्या टाचण्या काढायचं काम आपलं नाही.

दुसरा ता. क. दाढ अजून दुखतेच आहे. त्यानं शेजारची भरली.

तिसरा ता. क., ज्यासाठी हे सगळं लिहिलं. थायरॉइडचा हा आजार एकाच घरात अनेकांना असू शकतो, तेव्हा घरात आणखी कुणाला आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले आणि घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. तुझं जे अक्षर सिस्टर वर्गभर फिरवून दाखवायची, ते कागदभर थरथरतंय. भूक दुप्पट आणि तरी वजन उतरलं, पंख्याखालीही घाम येतो, झोप नाही, सून समोर आली की जीव भडकतो, हे सगळं तूच लिहिलं आहेस. सोमवारी रक्त तपासून घे. मला माझी उशी पूर्वीइतकी गुबगुबीत परत हवी आहे. माझ्या लेकीबद्दल तू लिहिलेलं शेवटचं पान मी मनात धरलेलं नाही, लक्षणांत धरलं आहे.