लिटरला एक ग्रॅम

११ नोव्हेंबर, सोमवार

काबरी आज खुराड्यातून बाहेर आली नाही. दार उघडलं, बाकीच्या दहाही भसकन बाहेर पडल्या, ही कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली. हातात घेतली. एक डोळा अर्धा मिटलेला, नाकपुडीला चिकट पाणी. कानाशी धरली तर छातीत घरघर. पंख्याचं बेअरिंग जायला लागलं की सुरुवातीला अगदी असाच आवाज येतो.

या कोंबड्या मैनाच्या. दहा कोंबड्या, एक कोंबडा. ती अमरावतीला लेकीकडे, पायलकडे गेली त्याला काल तीन आठवडे झाले. जाताना मला एवढंच म्हणाली, "कोंबड्यायकडे ध्यान ठेवजा." माझं मी काय खायचं, त्याबद्दल काही नाही.

दुपारी दुकान तासभर बंद ठेवलं आणि जनावरांच्या औषधांच्या दुकानात गेलो. तिथला माणूस पुडी देताना म्हणाला, "टाका अंदाजे एक चमचा बकेटीत." अंदाजे! चमचा कोणता — चहाचा की पोह्याचा? तीस वर्षं मी चांदूर रेल्वे गावात पंपांच्या मोटारींत तांब्याची तार भरतो. कोणी शिकवलं नाही, जळालेल्या मोटारी उसवून वेढे मोजत शिकलो. वेढे कमी पडले की मोटार तापते. तिथे अंदाज चालत नाही.

पुडीतला कागद भिंगाखाली धरून पूर्ण वाचला. सर्दी, घरघर, जंतुसंसर्ग. एक लिटर पाण्याला एक ग्रॅम, पाच दिवस. तांब्याची तार तोलायच्या काट्यावर पावडर तोलली. दोन लिटर, दोन ग्रॅम. पाणी पिवळसर झालं. भांड्यावर पाण्याच्या उंचीची खूण केली.

शनिवारपर्यंत बरी होईल.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

डोस सकाळी ६.४०. काबरी तशीच. तांबडीही शिंकते आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मैनाचा फोन संध्याकाळी सातला येतो. प्रश्न ठरलेले. कोंबड्यांनी खाल्लं का, अंडी किती, मांजर फिरकतं का. "सगळ्या बऱ्या आहेत," म्हणालो. तिचा खोकला आता बराच कमी आहे, पण बोलता बोलता मध्येच थांबते. श्वास घेते की आणखी काही सांगायचं असतं, कळत नाही. मी विचारत नाही.

मग फोन पायलने घेतला. "बाबा, डॉक्टर विचारून राह्यले. इथं येण्याआधी आईले कोणत्या गोळ्या देल्ल्या, किती दिवस?" मागच्या आठवड्यातही हेच. मी म्हणालो, सांगितलं ना तुले, एक कोर्स, पाच दिवस. ती म्हणाली, नक्की? मी म्हणालो, मी कधी अंदाजे बोललो का?

इथे तरी खोटं लिहून उपयोग नाही. एक नाही, तीन. मैनाला ऑगस्टपासून खोकला होता, संध्याकाळचा बारीक ताप. मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. ताप उतरला. पंधरा दिवसांत परत आला. त्याहून जोरदार गोळ्या आणल्या. पुन्हा उतरला, पुन्हा आला. मग तिसऱ्या, चौदा दिवसांच्या. प्रत्येक वेळी उतरला — म्हणजे औषध लागू पडत होतं! माझा हिशेब हा होता. शेवटी पायल येऊन तिला घेऊन गेली. तिथे थुंकी तपासली. टीबी निघाला. सहा महिन्यांची औषधं.

गाडीत बसताना पायल गल्लीदेखत म्हणाली, "बाबा, तुमी डॉक्टर नाई."

तीस किलोमीटर अमरावती. तेव्हापासून गेलो नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

काबरी सकाळी मेलेली. लिंबाखाली पुरली, वर चुना टाकला.

भांड्यातलं पाणी मोजलं. दोन लिटर भरलं होतं, उरलं एक लिटर सातशे. अकरा पाखरं दिवसभरात तीनशे मिली पितात? कसं शक्य आहे? भांड्याला चीर नाही. तेवढ्यात शेजारच्या गोदाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या कोंबड्या तं दिवसभर माया मोरीवर असतात. भांडे धुतलेलं पानी गोड लागते त्याईले. तुमचं ते पिवळं कोन पिते?"

खरकट्याचं पाणी! मी ग्रॅम-ग्रॅम तोलून ठेवतो आणि या मोरीत तोंड घालतात. मैनाला नक्की माहीत असणार. कोणती कोंबडी कुठे काय खाते, कुठे अंडं घालून लपवते, सगळं तिला माहीत. मी त्या कधी मोजण्यापलीकडे पाहिल्या नाहीत.

सगळ्या कोंडल्या. परसाच्या कोपऱ्याला जाळी लावली. पिवळ्या पाण्याशिवाय दुसरं पाणी नाही. आता आजचा दिवस पहिला धरायचा. आज ते सोमवार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

जावई आले होते, अनुप. अमरावतीला क्लासमध्ये शिकवतात, आज सुट्टी म्हणून मैनाची शाल आणि घरची अंडी न्यायला आले. तिला रोज दोन अंडी खायला सांगितली आहेत.

अंडी होती. सोळा. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घातलेली. पण औषध चालू असताना आणि नंतरही काही दिवस अंडी खायची नाहीत, कागदावर स्पष्ट लिहिलं आहे. द्यायची कशी? आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल. कोंबड्या आजारी आहेत हे सांगावं लागेल.

म्हणालो, अंडी नाहीत. अनुपची नजर टोपलीवर गेली. टोपली समोरच होती. त्यांनी चहा उभ्यानेच घेतला. निघताना म्हणाले, "मामाजी, एक डाव या ना घरी." मी म्हणालो, कामं पडली आहेत. गाडी वळेपर्यंत दारात उभा होतो.

सातला मैनाचा फोन. "अंडे काहून नाई देल्ले?" म्हणालो, विकली. ती म्हणाली, "बरं."

नंतर सोळाही अंडी खड्ड्यात फोडली. ती विकलीत असंच तिला वाटणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

चौथा दिवस. तांबडीची शिंक थांबली! दोघी-तिघी दाणे टिपताहेत. पाणी रोज दीड लिटरच्या वर संपतं. म्हणजे औषध बरोबर होतं, ते पोटात जात नव्हतं एवढंच. गोदाबाईंना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, दिसतात बऱ्या, पण कोंबड्याची मान पाहा.

मान काही वाटली नाही मला. जरा तिरकी धरतो, एवढंच.

घरात बोलायला कोणी नसलं की माणूस कोंबड्यांना ऐकवत बसतो. आज तांबडीला एकफेज आणि तीनफेज मोटारीतला फरक सांगितला. तिने ऐकून घेतलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

कोंबडा मेला. पांढरी मेली. दोघांच्या माना पिळून ठेवल्यासारख्या पाठीवर गेल्या होत्या. तांबडी उभी राहायला जाते आणि गोल फिरून पडते. सगळ्यांची विष्ठा हिरवी. पाच दिवस पूर्ण झाले. एक डोस चुकला नाही, एक मिनिट उशीर नाही. उरल्या आठ.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तांबडी गेली. उरल्या सात.

गोदाबाई जाळीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकच विचारलं, "औंदा सुई देल्ली होती का त्याईले?"

मैना दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला कोंबड्या डालग्यात घालायची, वरून लुगडं बांधायची आणि डोक्यावर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात पायी जायची. पंखाखाली सुई देऊन आणायची. मी दुकानातून म्हणायचो, "चालली वरात." मिस्त्री लोक हसायचे. तीही हसायची.

यंदा दसऱ्याला ती खाटेवर होती. माझा तिसरा कोर्स नुकताच संपला होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. दुकान बंद. आणखी दोन गेल्या. पाच.

मैनाला म्हणालो, बऱ्या आहेत. ती म्हणाली, पायल डॉक्टरकडे चालली आहे, तिच्याशी बोला. बोललो. पुन्हा तेच, बाबा, आठवून पाहा, किती दिवस? पुन्हा तेच उत्तर दिलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आणखी एक. तिला पिशवीत घातलं आणि दवाखान्यात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. सोबत माझा कागद. तारीख, वेळ, ग्रॅम, मिली, कोण शिंकली, कोण मेली.

डॉक्टरीणबाई आहेत, करिश्मा नाव. वय पायलएवढंच. कोंबडी टेबलावर घेऊन उघडली, आतून पाहिली. मग हात धुऊन माझा कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न गाळता. म्हणाल्या, "इतकं नीट लिहून आणणारं कोणी पाह्यलं नाही मी, काका." मला बरं वाटलं. मेलेली कोंबडी समोर टेबलावर, आणि मला बरं वाटलं!

मग म्हणाल्या, "पण हे औषध जंतूवरचं आहे. ही मानमोडी. विषाणूचा आजार. याच्यावर तुम्ही लिटरला एक ग्रॅम द्या, नाही तर अख्खी पुडी द्या, सारखंच. याची आधी लस द्यावी लागते."

मी म्हणालो, मधे सुधारल्या होत्या. रविवारी दाणे खाल्ले. नोंद आहे, खाली पाहा.

"तसं वाटते. सोबतचे दुसरे जंतू दबतात, तेवढे दिवस बरं दिसते. आपल्याले वाटते, लागू पडलं. खरा आजार आपला आत चालूच राहते."

त्यांनी उरलेल्यांसाठी काय करायचं ते सांगितलं. वेगळ्या ठेवा, पाणी पाजा, भांडी चुन्याने धुवा, पुढच्या वर्षी दसऱ्याआधी घेऊन या. निघताना कागद परत दिला आणि म्हणाल्या, "खरं सांगतलं ते बरं केलं. लोकं काय करतात, पंधरा दिवस देतात अन् पाच दिवस सांगतात. मंग आमी काय समजायचं?"

पिशवीचं तोंड बांधायला मला फार वेळ लागला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

चार.

२३ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात एक पंप आला होता. तार चुकीच्या गेजची घातली. उसवली. पुन्हा घातली, पुन्हा चुकली. परत पाठवला.

मागची पानं काढली. डाव्या हाताला ही वही, समोर कोरा कागद.

पहिला — ७ ते ११ ऑगस्ट. पाच दिवस.
दुसरा — २७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर. सात दिवस.
तिसरा — २४ सप्टेंबर ते ७ ऑक्टोबर. चौदा दिवस.

गोळ्यांची नावं, ताकद, वेळा. वहीत सगळं आहे. ३० सप्टेंबरच्या पानावर माझ्याच अक्षरात हेही आहे — "मैना म्हणते, आता डॉक्टरला दाखवू. समजावलं, कोर्स अर्धवट सोडत नसतात."

कसं समजावलं ते लिहिलेलं नाही. मला आठवतं. ओरडलो होतो.

सव्वीस दिवस होतात.

२४ नोव्हेंबर, रविवार

फोन आला तेव्हा कागद हातात होता. मैनाने कोंबड्यांचं विचारलं. तिला ते सांगितलं. चार उरल्या, मानमोडी आली, मी भलतंच औषध देत बसलो, अंडी विकली नाहीत, पुरली. ती रडेल असं वाटलं होतं. म्हणाली, "काबरी गेली का?" म्हणालो, पहिलीच. "म्हातारी झाली होती ते," म्हणाली. आणि वाट पाहत राहिली. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तीही ऐकली. मी म्हणालो, ठेवतो.

कागद घडी करून खिशात परत.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज मीच फोन लावला. दुपारी, दुकानातून. पायलने उचलला. म्हणालो, लिहून घे, डॉक्टरला द्यायचं आहे. मग वाचलं. तारखा, नावं, दिवस. तीन वेळा. सव्वीस दिवस. मैनाने डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं होतं, मी नेऊ दिलं नाही, हेही. तुला पाच दिवस सांगितलं ते खोटं होतं, हेही.

वाचताना आवाज नीट राहिला. शेवटी मात्र कागदावरचं दिसेनासं झालं, पण तोवर वाचून झालं होतं.

पायल म्हणाली, "बरं बाबा," एवढंच, आणि फोन ठेवला.

पाणी तीन वेळा पाजलं. चारही उभ्या आहेत.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी शटर उघडत होतो तेव्हा पायलचा फोन. ती म्हणाली, "डॉक्टरले आईनं पहिल्याच दिवशी सारं सांगतलं होतं, बाबा. सव्वीस दिवस, तिनंच सांगतलं. गोळ्यायच्या रिकाम्या पट्ट्याबी सोबत आणल्या होत्या. डॉक्टरनं त्याच्यानंतर कधी विचारलं नाई. आईच मले विचाराले लावत होती."