मीनाचा निरंकार उपास

८ फेब्रु., रवि.
मीना आल्ती. धाकटी बहीण, घर दोन गल्ल्या सोडून, पण आता फक्त सुईसाठी येती. भूक कमी करायचं तिचं आठवड्याचं इंजेक्शन माझ्या फ्रिजात, कोथिंबिरीच्या डब्यामागं. सासूला कळू नये म्हणून. पोटाला टोचलं, चहा अर्धा ठेवला, चार ब्लाऊज आवळायला टाकून गेली. मशीन माझीच हाय ना. सकाळीच माझ्या ब्लाऊजची शिलाई उसवून सैल केल्ती.

१५ फेब्रु., महाशिवरात्र
तिची सासू गल्लीभर सांगून राह्यली, "आमच्या मीनानं निरंकार धरला, पाण्याचा थेंब न्हाई." अगं बाई, तिला भूकच लागत न्हाई तर उपास कसला! मी साबुदाणा तीनदा खाल्ला. त्याचीबी गल्लीभर चर्चा.

१७ फेब्रु.
डोक्यातून जाईना. सुई सुरू व्हायच्या आधी जालन्याला डॉक्टरकडं दोघी संगंच गेल्तो. ते म्हणाले, पोट भरलं की आतड्यातून हार्मोन निघतं, मेंदूला फोन लावतं. मेंदूत ते धरायच्या जागा असतात, रिसेप्टर. "तुमच्या दोघींच्या डोक्यात फोन वाजतो, पण कुणी नीट उचलत न्हाई. ही सुई जोरात वाजवती." मी तिथंच रडले. चाळीस वर्षं खादाड, हावरी ऐकलं, आन दोष फोनचा!
पण मला न्हाई दिली. मागं स्वादुपिंडाला सूज आल्ती, जोखीम नको म्हणाले. मीनाला बिनधास्त चालती.
जळते मी. लिहिलं एकदाचं. बारीक झाली, होऊ दे. पण औषधबी तिचं आन शाबासकीबी तिचीच?

१ मार्च, रवि.
बचत गटात महिला दिनाला मीनाचं भाषण ठरलं. विषय 'जिभेवर ताबा'. कर्म माझं! आईचा फोन: "शिक काही धाकटीकडून."
फ्रिज उघडला. इंजेक्शनचा फोटो काढला, आईला पाठवायला. पाठवला न्हाई. पुसलाबी न्हाई. भाकरी-ठेचा खाल्ला, मंग अजून एक भाकरी. पोट भरलं, मन न्हाई.

७ मार्च, शनि.
मीना आज एक दिवस आधीच आली, उद्या भाषण म्हणून. इंजेक्शनची डबी तिच्यापुढं आपटली. म्हणलं, "तुझ्या घरी ठेव. उद्या माईकवर खरं सांग, न्हाईतर मी सांगते."
"जळतीस तू, अक्का!"
"जळते. मंग?"
मीना खाली बसली. "सासू म्हणंल, रोग लपवून पोरगी दिली. सुई बंद करतील. मंग ती भूक परत येईल गं. जेवून उठलं तरी डोक्यात जेवणच. मला लई भ्या वाटतं तिचं. तुला तरी कळायला पाहिजे."
कळतं. मला न्हाई तर कुणाला कळंल?
डबी मी परत फ्रिजात ठेवली. मीना डोळे पुसून म्हणाली, "उद्या येशील ना? पुढंच बस." येते म्हणलं.
तिथं काय बोलन, मलाच भरवसा न्हाई.