चौदाव्या अंकातली भरतीबाय

मी, राही हरिश्चंद्र पाष्टे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार मुरुगवाडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता करीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि गेल्या वेळी त्यांनी मला दुसऱ्याच बाईच्या गोळ्या दिल्या होत्या तेही सांगितलं. त्यांनी लगेच सही केली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मी बोलते आणि नात मनस्वी लिहून घेते. मध्ये 'सबब' आणि 'पश्चात' आले तर ते वकीलबाईंचे समजावेत.

१. राहतं घर, चिऱ्याच्या दोन खोल्या, पडवी आणि विहिरीतला अर्धा हक्क माझ्या पश्चात सून नम्रता हिला मिळावा. मुलगा दीपक याला नाही. तो मुंबईला असतो आणि गणपतीत पाच दिवस येतो. छप्पर गळतं ते उरलेले तीनशे साठ दिवस. हे मी रागाने लिहीत नाही. गळतं त्याखाली ज्याने पातेलं ठेवलं, घर त्याचं.

२. माझे पती हरिश्चंद्र दुकानांच्या पाट्या आणि होड्यांवरची नावं रंगवीत. त्यांचे ब्रश आणि रंगाच्या डब्यांची पेटी मनस्वीला. ब्रश तेलात बुडवून ठेवायचे, पाण्यात नाही. हे तिला दहा वेळा सांगून झालं आहे, ही अकरावी.

३. आता चित्रांच्या पुस्तकांविषयी. सन १९८३ ते १९९१ या काळात पतींनी 'कातळवीर' नावाचे बावीस अंक काढले. ते एस.टी. स्टँडवर विकले जात. आत 'लेखक व चित्रकार हरिश्चंद्र पाष्टे' असं छापलेलं आहे. चित्रकार खरं. कातळवीरही त्यांचाच. तो दगड उचलतो आणि दुसरीकडे ठेवतो, याहून त्याला काही येत नाही. पण दोन पानांपुरती येऊन जाणारी जी बारकी मंडळी आहेत, ती माझी. मी मासे साफ करत असायची, ते विचारायचे, "आता कोणाला आणू?" मी सांगायची. मला नाव नको होतं, आजही नको. पण मुंबईची एक कंपनी ही सगळी मंडळी मोबाईलवर आणायची म्हणते आणि मालक कोण ते विचारते, सबब लिहून ठेवते.

४. पाचदिवश्या. हा वीर गणेशचतुर्थीला उतरतो, पाच दिवस एका हाताने डोंगर हलवतो, विसर्जनाला त्याची शक्ती जाते आणि तो खिडकीची जागा शोधत गाडीत बसतो. हा दीपकला. तो नवव्या अंकात आला तेव्हा दीपक शाळेत होता, पुढचं मला कुठून माहीत असणार? पण बसला बरोबर.

५. आठळी. फणसाची बी. तिला कुठेही पुरा, नवव्या दिवशी ती तिथेच उगवते आणि पुरणाऱ्याच्या दारात सावली धरते. ही नम्रताला. ती खेडहून या घरात आली तेव्हा मी तिला कमी पुरलं नाही. माफी मागत नाही, आठळी देते.

६. चीकमास्तर. याने एका मुलीच्या थोबाडीत मारली, तेव्हापासून त्याचा हात ज्याला लागतो त्याला चिकटतो. ती मुलगी कोण होती ते सांगत नाही. चौथीनंतर ती शाळेत गेली नाही एवढं पुरे. हा मनस्वीला, एका अटीवर. शेवटी तो सुधारतो असं दाखवू नये. तो सुधारला नव्हता.

७. भरतीबाय. हे कलम मोठं आहे, कारण पाप मोठं आहे.

राजिवड्याची हाजरा माझी मैत्रीण. धक्क्याच्या दगडाला कान लावून पाणी कधी फिरणार ते ती सांगायची. तिच्यावरून मी भरतीबाय केली. चित्रातली भरतीबाय लहानपणी बापाच्या मचव्याची वाट बघत धक्क्यावर बसली, बाप येईना, तेव्हा तिने श्वास रोखला आणि ओहोटी थांबली. श्वास धरून ठेवील तेवढा वेळ समुद्र तिचं ऐकतो. बावीस अंकांत याहून चांगलं माझ्या हातून झालं नाही.

लोकांनी हाजराला ओळखलं. पोरं ओरडायची, "भरतीबाय, पाणी थांबव." सासूने तिचं धक्क्यावर जाणं बंद केलं. ती माझ्या दारात आली. म्हणाली, "काढ गो मला त्यातून. गुपचूप घरी पाठव तिला."

मी म्हटलं, "ती तू नाहीस. चित्रातली आहे."

हे खोटं होतं. मला राग आला होता. माझं एवढं एक चांगलं, आणि तेच काढ म्हणते. पुढचा, चौदावा अंक गोकुळाष्टमीला निघायचा होता. मी पतींना सांगितलं, भरदुपारी उधाण येतं, भरतीबाय गोविंदांच्या होडीला वाचवते आणि बुडते. त्यांनी ब्रश खाली ठेवला. "बुडवायची?"

"बुडवा."

तेव्हा हाजराचा नवरा जहाजावर होता. ज्या घरचा माणूस पाण्यावर आहे, त्या घरची बाई मी मुखपृष्ठावर बुडवली. अंक दोनदा छापावा लागला. तो माणूस सुखरूप परतला, तोवर माझ्या घशाखाली मासा उतरला नाही. हाजरा माझ्या दारात परत आली नाही. सदतीस वर्षं.

कंपनीच्या पोरांना हेच हवं आहे. फोनवर म्हणाले, "आजी, ती बुडते तिथूनच सुरू करू." चित्रं काढायचं काम मनस्वीला मिळणार आहे. मी ठरवलं, हे मरण या कागदाने रद्द करायचं, आणि भरतीबाय हाजराच्या नावे करायची. तिला विचारल्याशिवाय नको म्हणून निरोप धाडला. ती रिक्षाने आली. गुडघे गेलेत तिचे. पाणी प्यायली, कलम ऐकलं आणि म्हणाली, "रद्द काय करतेस गो? अष्टमीला दुपारी बाराला कसलं उधाण? तेव्हा पाणी उतरलेलं असतं. चालत घरी गेली असेल ती."

मी सणाकडे बघितलं होतं, पाण्याकडे नाही.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"विचारायला आलीस तू?"

भरतीबाय घ्यायची का, असं विचारलं तर म्हणाली, "मी तेव्हा काय मागितलं होतं?"

सबब, आधीचा मजकूर बदलून लिहिते. भरतीबाय मी कोणालाही देत नाही. मनस्वीला नाही, कंपनीला नाही. ती घरी गेली. तिचं नाव, तिची शक्ती, तिचा बाप, धक्का, यातलं काहीही पुढे कोणी काढू वा छापू नये. इथे मनस्वीने पेन थांबवलं. "आजी, तिच्याशिवाय ते घेणार नाहीत." मला माहीत आहे. हे काम गेलं तर ते माझ्यामुळे गेलं, ही नोंद राहावी. तिने लिहिलं आहे.

८. माझ्यामागे फोटोला हार घालू नये. धूळ धरतो.

ठिकाण : रत्नागिरी
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५
मृत्युपत्र करणार : राही हरिश्चंद्र पाष्टे (सही)

हे सर्व आम्हांस वाचून दाखवल्यावर राहीबाईंनी आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १ : विनीत शिवगण, शेजारी (सही)

साक्षीदार २ : हाजरा मुसा होडेकर, राजिवडा (सही). सातवं कलम मी दोनदा वाचून घेतलं. या कागदातून मला काही मिळत नाही, आणि माझं काही आता कोणाकडे राहिलेलं नाही.