ठेकेदार बरा आहे का?

३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

स्वयंपाकघर आणि पुढची खोली एक करायची, खिडक्याही बदलायच्या असं ठरलंय. ह्यांच्या मामांनी ठेकेदार पाठवला. माणूस गोड, आईच्या गुडघ्यांची चौकशी आधी, मापं नंतर. मधल्या भिंतीवर बोटं वाजवून म्हणाला, ही काढली तर घराला पत्ताही लागणार नाही.

मला मात्र भीती वाटतेय. त्या भिंतीच्या बरोब्बर वर आईची खोली आहे, आणि ती खाली उतरू शकत नाही. हे म्हणतात, मामांनी शब्द टाकलाय, आता नाही कसं म्हणायचं? वीस तारखेला काम सुरू होणार. तू घर बांधलंयस, काहीतरी सांग.

लोभ आहेच, तो उत्तरातून लवकर दिसू दे.
तुझी ठकू

८ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

झुरळ दिसलं तरी तू घर डोक्यावर घ्यायचीस, पण या वेळी मला हसू आलं नाही. भीड भिकेची बहीण. त्या भिंतीवर मामांचा पलंग नाही, आईचा आहे.

त्याने पूर्वी केलेल्या एखाद्या घरी त्याला न सांगता जा. माणूस कसा आहे असं विचारू नकोस. बराच आहे म्हणतात सगळे. काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा तो आला का, ते विचार. आणि त्याच्या ओळखीचा नसलेला इंजिनियर आणून भिंत दाखव. तोवर हातोडा लागता कामा नये. मी गच्चीच्या वेळी एवढं केलं नाही, म्हणून दर पावसाळ्यात बादल्या मांडतो.

आईला नमस्कार. लोभ आहे, धीर धर.
दादा

१४ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न.

त्या घरी गेले. तिथल्या बाईंनी त्याची एवढी स्तुती केली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. निघताना आतल्या खोलीचं दार दिसलं. ते मिटत नव्हतं, दोरीने खिळ्याला बांधलं होतं. चौकटीपासून छतापर्यंत भेग. मग तुझा प्रश्न विचारला. बाई हळूच म्हणाल्या, येतो येतो म्हणून वर्ष काढलं त्याने. वाईट बोललेलं कानावर गेलं तर येणारच नाही.

मी धावतच घरी आले. दादा, काम सुरू झालं होतं! माणसं आज मोकळी होती म्हणे, आणि ह्यांनी भिडेपोटी दार उघडलं. भिंतीला खिडकीएवढं भगदाड. वरून आई हाका मारत होती, की तिच्या खोलीचं दार लागत नाहीये.

मी किंचाळले तेव्हा हातोडे थांबले. शेजाऱ्यांनी आईला खुर्चीसकट खाली आणलं. उद्या यायच्या होत्या त्या इंजिनियरबाईंना आजच बोलावलं. वरचा सगळा भार याच भिंतीवर आहे म्हणाल्या. आत लोखंडी टेकू लावताहेत, मी पायरीवर बसून लिहितेय.

तुझी ठकू

२ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

भिंत दुसऱ्या गवंड्याकडून बांधून घेतली. आई वर गेली. तिचं दार लागतं. तरी मी रोज लावून बघते. मामांनी अबोला धरलाय. आमच्या नव्या खिडक्या मात्र त्या ठेकेदाराकडेच अडकल्यात, शनिवारी आणतो म्हणालाय. जुन्या त्याने त्या दिवशीच काढून नेल्या, तिथे प्लास्टिक फडफडतंय.

काल एक जोडपं आलं. तिला आठवा महिना. तोच ठेकेदार त्यांच्याकडची भिंत काढणार आहे. कसा आहे, असं त्यांनी विचारलं. आणि दादा, मी म्हटलं, बरा आहे. त्या प्लास्टिककडे बघत म्हटलं. ते फाटकाबाहेर गेले.

तेवढ्यात वर आईने दार लावल्याचा आवाज आला. मी अनवाणीच धावले. वळणावर त्यांना गाठलं, हाताला धरून घरी आणलं, भिंत दाखवली, सगळं सांगितलं. उद्या इंजिनियरबाईंना त्या दोरीच्या दाराकडेही नेणार आहे.

आता खिडक्या येत नाहीत, असं मी आईला घाबरतच सांगितलं. ती म्हणाली, मग प्लास्टिकला आणखी दोन खिळे मार.

लोभ असू दे, आणि येताना हातोडी आण.
तुझी ठकू