नवा कॅमेरा आणि माईचा पाळणा

६ जानेवारी २००८, देवास

घेतला एकदाचा! डीएसएलआर. जुना झूमवाला डबा इंदूरच्या दुकानात बदल्यात देऊन टाकला. दोन वर्षं त्याच्यावर धारजवळच्या तिरल्याच्या तळ्यावरचे बगळे टिपले – बारा पट झूम, पण संध्याकाळचा प्रत्येक फोटो रवाळ. आता बाळाच्या बारशाला खरे फोटो निघतील.

१३ जानेवारी, धार

वेदिकाला आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्या आईकडेच, माईकडे. दिवस भरत आलेत. दुपारी गहू निवडताना माई तिला आमच्या घराण्याचा पाळणा शिकवत होती. सात कडवी. एकेका पिढीचं एकेक, आणि सातव्यात नव्या बाळाचं नाव. सातवं माई त्या त्या बारशाला स्वतः रचते. लिहून कुणी ठेवला नाही – सासूनं सुनेला तोंडीच द्यायचा. वेदिकाचं शिक्षण हिंदीतलं, जुने शब्द जिभेवर बसेनात. तिसऱ्या कडव्यात पणजोबा मानाजीरावांपाशी अडखळली, रडवेली झाली. मी म्हटलं, राहू दे आता, बारशाला व्हिडिओ काढतो, मग सावकाश पाठ कर.

माईनं सूप खाली ठेवलं.

१९ जानेवारी

मुलगी! दोघी सुखरूप.

३० जानेवारी, धार

अवंती नाव ठेवलं. बारसं छान झालं असं सगळे म्हणतात.

माईनं पाळण्याची दोरी धरली, मी कॅमेरा उचलला – आणि व्हिडिओचं बटणच सापडेना! मेन्यू उलटापालटा केला. नाहीच. माई तर सुरू झालेली. मग फोटोच काढत सुटलो. या लेन्सला झूमही जेमतेम, त्यामुळे माईला अगदी खेटून उभा होतो.

संध्याकाळी कारखान्यातल्या अंकुरला फोन केला, त्याच्याकडे असाच कॅमेरा आहे. म्हणाला, "भिया, बड़े कैमरे में वीडियो नी आता. दुकान पे पूछा नी?"

नव्हतं विचारलं. मोठा घेतला म्हणजे लहानातलं सगळं त्यात असणारच, असं धरून चाललो. गाढव आहे मी.

३१ जानेवारी

फोटो मात्र काय आलेत! माईच्या कुड्यांतला मोती न् मोती, कपाळावरची आठी न् आठी. उघडं तोंड. अंकुर त्याच्या भावाचा हँडीकॅम आणून देणार आहे. माई म्हणाली, ये रविवारी, म्हणते पुन्हा. सातवंसुद्धा म्हणेन म्हणाली.

३ फेब्रुवारी, देवास

रविवारची सुट्टी रद्द. नवीन मशीन बसवताहेत. पुढच्या रविवारी नक्की.

७ फेब्रुवारी

सकाळी बापूसाहेबांचा फोन. वडिलांचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. माईला अर्धांगाचा झटका आलाय. निघतोय.

२० फेब्रुवारी, धार

माईला घरी आणलं. उजवी बाजू लुळी. वाचा गेली. कळतं मात्र सगळं. डॉक्टर म्हणतात, या वयात बोलणं परत येईल असं धरून चालू नका.

तिच्यापुढे बसून रडलो. माई, माझं चुकलं म्हटलं, तुझं शिकवणं मी तोडलं. तिनं डाव्या हातानं माझं डोकं थोपटलं. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

२४ फेब्रुवारी

हँडीकॅम अंकुरला परत दिला. पिशवीतून काढलाही नव्हता.

२ मार्च, धार

अवंती झोपेना. वेदिकानं पाळणा म्हणायला घेतला. मानाजीरावांपर्यंत आली आणि थांबली. खाटेवर माई ऐकत होती. तिनं डावा हात कसाबसा उचलला आणि माझ्याकडे बोट केलं – पुढचं तू म्हण.

तिला वाटलं, मला येत असेल. त्या दिवशी सगळ्यांत जवळ मीच तर उभा होतो. बेचाळीस फोटो आहेत माझ्याकडे. शब्द एकही नाही.