प्रताप खुशाल आहे

मलकपेठ, हैदराबाद
ता. ५ ऑगस्ट १९५६

चि. हिम्मतरावास जयवंताआजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सांगते आणि नातसून भामा लिहिते. माझ्या शिव्या ती गाळते, तेव्हा पत्र सभ्य वाटलं तर फसू नकोस. माझ्या बहिणीमागं तिचा नातू म्हणून तू एकटा उरलास, आणि आठ वर्षांत एक कार्ड नाही. नवाब झालास का रे?

आता म्हणे नांदेड मुंबईकडं जाणार, आम्ही तेलुगूंकडं. तू परमुलखात जायच्या आधी विचारते. रझाकारांच्या वेळी माझा नातू प्रताप सरहद्दीवर तुझ्याच टोळीत आला. महिन्याला तुझा निरोप यायचा, प्रताप खुशाल आहे. पोलीस ॲक्शन झाली, लोकांची पोरं घरी आली, आमचा निरोप तेवढा बंद झाला. भामा रोज कुंकू लावते आणि दाराकडं बघते. तो आहे की नाही, एवढं लिही. गोडवा नक्को.

लोभ आटला असेल तर चार थेंब तरी पाठव.

जयवंताआजी

नांदेड
ता. २३ ऑगस्ट १९५६

तीर्थस्वरूप जयवंताआजीस हिम्मतचा शि. सा. न. वि. वि.

हे भामाला वाचावं लागणार, याची लाज वाटते. पण तुम्ही गोडवा नको म्हणालात.

प्रताप पौष वद्य नवमीला करोडगिरीच्या, निजामाच्या जकातीच्या नाक्यावर गोळी लागून पडला. येऊन महिनाच झाला होता. नवा म्हणून पुढं होता. मुरलेला माणूस गेला तर टोळी खचते. नवा गेला तर रात्री जेवणं होतात. नात्यातला म्हणून त्याला मी मागं घेतलं नाही.

आमच्यातला पहिला गेलेला तोच. गावांना कळलं असतं तर भाकरी यायची थांबली असती. म्हणून त्याच दिवशी मी नियम केला, पडलेल्याची बंदूक आणि नाव पुढच्या पोराला. टोळी कायम एकवीसची. नवा महिनाभर टिकेपर्यंत त्याचं गाव कुणी विचारायचं नाही. तुमच्या प्रतापमागं आणखी तीन प्रताप झाले. दुसऱ्याचं गाव मला अजून ठाऊक नाही.

निरोप खोटा नव्हता, आजी. प्रताप खुशाल असायचा. तुमचा नसायचा.

क्षमा मागायचं तोंड नाही. पायांशी ठेवा.

हिम्मत

नामपल्ली
ता. ९ सप्टेंबर १९५६

चि. हिम्मतरावास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र स्टेशनाबाहेर बसणारा मुनशी लिहितोय. शिव्या गाळत नाही, भला माणूस आहे.

तुझं पत्र भामानं वाचून दाखवलं. कुठं अडखळली नाही. प्रताप सोलापुरात गिरणीत आहे, खुशाल आहे, सुट्टी मिळाली की येतो, असं तू लिहिलंस म्हणाली. मग भाकरी करायला बसली आणि चारही करपवल्या. मला अक्षर येत नाही, पण भामाच्या हातची भाकरी करपत नाही एवढं येतं. तुझं पत्र तिच्या ट्रंकेतून काढलं आणि इथं येऊन वाचून घेतलं. मुनशी मधेच चष्मा पुसत बसला, त्याला दटावावं लागलं.

दिवेलागणीला तिनं कुंकू लावलं, म्हातारी जगावी म्हणून. मी म्हटलं, छान दिसतेस. तुझ्या टोळीत आता आम्ही दोघी भरती झालो रे, हिम्मता. त्या दुसऱ्या प्रतापची आजी कुठल्या दारात बसली असेल, तिला तर निरोपसुद्धा नाही.

तुला शाप देणार नाही, तेवढा दम उरला नाही. एक काम सांगते. महिन्याला कार्ड टाकत जा, प्रताप खुशाल आहे. तुझा हात बसलेला आहे. पत्ता भामाच्या नावाचा घाल. ती वाचील, मी ऐकीन.

लोभ राहू दे तुझ्याकडंच. कार्ड चुकवू नकोस.

जयवंताआजी