राक्षसाचे डोळे

पेण, रविवार, १८ मे, रात्र

एका दिवसात तीन पार्क! सकाळी पाण्याचं, दुपारी बर्फाचं, शेवटी पाळण्यांचं. भाच्याला कंपनीतून पास मिळाले म्हणून, नाहीतर मी आणि सासूबाई गणपतीचा कारखाना सोडून कुठे जातोय? मे महिन्यात मुठीत बर्फ धरला आणि लहान पोरीसारखी ओरडले. पण आता लिहायला बसले तर ना पाणी आठवतंय, ना बर्फ. तो राक्षसच समोर येतोय.

शेवटच्या पार्कच्या दारात उभा आहे तो, फायबरचा, तीन मजली. वर पाहिलं तर माझ्याकडेच बघत होता. बाजूला सरकले, तरी माझ्याकडेच. पंचवीस वर्षं मूर्तींचे डोळे आखतेय मी. एवढ्या उंचावर, परांचीवर लोंबकळत, बुबुळातला तो पांढरा ठिपका इतका नेमका कुणी दिला असेल? हात जरासुद्धा हलला नाही?

माझे हात जोडले गेले. आमच्याकडे मूर्तीचे डोळे आखून उघडले की आखणाऱ्यानेच पहिला नमस्कार करायचा, ती सवय. भाचा खो खो हसला. "मामी, राक्षस हाय तो!"

सासूबाई हसल्या नाहीत. कुंचला धरायला त्यांनीच मला शिकवलं. त्यांनीही हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "कोनाचा गो हात ह्यो?"

माझ्या एकाही मूर्तीपुढे त्या असं कधी बोलल्या नाहीत. वाईट वाटायला हवं होतं मला. पण तो ठिपका... मीही मनात तेच विचारत होते.